नरक्याची साल

सह्याद्रीच्या दाट रानांत नरक्या नांवाचें एक लहानसर झाड वाढतें. त्याच्या फुलांना दुर्गंध येतो. शास्त्रज्ञांनीं त्याला पूर्वीं दिलेल्या ‘मॅपिया फेटिडा’ या नांवांतहि ती तक्रार आहेच. अशा झाडांत कर्करोगाच्या पेशी मारणारें द्रव्य असावें, आणि त्या द्रव्याचें मोल जगाला प्रथम एका चिनी वृक्षावरून कळावें, हा रसायनशास्त्राच्या इतिहासांतील मोठा चमत्कारिक योग होय.

१९५० नंतरच्या दशकांत मन्रो वॉल हे अमेरिकन शेतीखात्याच्या फिलाडेल्फिया येथील प्रयोगशाळेंत वनस्पतींचे अर्क तपासीत होते, तेहि कर्करोगासाठीं नव्हेत! कॉर्टिसोन बनविण्यास उपयोगी अशीं स्टेरॉइडें त्यांना हवीं होतीं. त्यांतलेच अर्क पुढें कर्करोगासाठीं पारखले गेले, तेव्हां चीनमधील कँप्टोथेका वृक्षाचा अर्क विशेष प्रभावी ठरला. १९६० सालीं वॉल नॉर्थ कॅरोलायनांतील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्यें गेले. दोन वर्षांनीं मनसुख वाणी त्यांना येऊन मिळाले. हे वाणी १९२५ सालीं आपल्या खानदेशांत, नंदुरबार येथें जन्मलेले व मुंबई विद्यापीठांत शिकलेले. १९६६ सालीं या मंडळींनीं कँप्टोथेसिनची रचना प्रसिद्ध केली. यू वृक्षाच्या सालींतील टॅक्सॉलचा १९७१ मधील शोधहि यांचाच.

१९७२ सालीं मुंबईंत गोरेगांवच्या सिबा संशोधन केंद्रांतील टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांना तेंच द्रव्य नरक्यांत आढळलें, तेंहि चिनी वृक्षाहून अधिक प्रमाणांत. पण दैवाची गति पाहा! त्याच सुमारास अमेरिकेंत या औषधाचे रोग्यांवरील प्रयोग थांबले. पाण्यांत विरघळावें म्हणून त्याचें सोडियमचें लवण करून टोंचलें जाई. त्या रूपांत गुण क्षीण झाला, आणि मूत्राशयाला भयंकर दाह होऊन रक्त पडूं लागलें. वनस्पतीचें तें निरुपद्रवी, असें मानणाऱ्यांनीं हा प्रकार अवश्य ध्यानांत घ्यावा. कांचपात्रांत पेशी मरणें निराळें, रोगी जगणें निराळें.

द्रव्य टाकून दिल्यासारखेंच झालें होतें. १९८५ सालीं लेरॉय लिऊ व त्यांचे सहकारी यांनीं त्याच्या कार्याचें मर्म उलगडलें. पेशींतील डी. एन. ए. पिळलेल्या दोरासारखा असतो. पेशी विभागण्यापूर्वीं त्याची नक्कल होते, आणि त्यासाठीं हा पीळ सैल व्हावा लागतो. टोपोआयसोमरेज नांवाचें प्रथिन त्याचा एक पदर क्षणभर तोडून पुन्हां सांधतें. कँप्टोथेसिन नेमकें त्या सांध्यांत पाचरीसारखें बसतें. पदर जुळत नाहीं, नक्कल करीत येणारी यंत्रणा तेथें आदळते, आणि दोर सबंध तुटतो. भराभर वाढणारी पेशी यानें मरते. मात्र मज्जेंतील निरोगी पेशीहि त्याच न्यायानें मरतात, म्हणून मात्रा जपूनच द्यावी लागते. या ज्ञानाच्या आधारें मूळ रेणूंत फेरफार करून बनविलेलीं टोपोटेकान व इरिनोटेकान हीं औषधें १९९६ सालीं अमेरिकेंत मान्य झालीं. पहिलें बीजकोशाच्या कर्करोगावर, दुसरें मोठ्या आंतड्याच्या.

मागणी वाढली आणि कुऱ्हाडी नरक्याकडे वळल्या. १९९० नंतर पश्चिम घाटांत त्याची बेसुमार तोड होऊन माल परदेशीं गेला. आज त्याची गणना संकटांत सापडलेल्या वनस्पतींत होते. कँप्टोथेसिन प्रयोगशाळेंत मुळापासून बनवितां येतें खरें; परंतु औषधांचे कारखाने अजूनहि तें मुख्यतः झाडांपासूनच घेतात, कारण तेंच स्वस्त पडतें.