जावर (प्राचीन खाणगाव)

जावर हे भारताच्या राजस्थान राज्यातील उदयपूर शहराच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, अरवली पर्वतरांगांमध्ये वसलेले एक प्राचीन खाणगाव आहे. शिसे, चांदी आणि विशेषतः जस्त या धातूंच्या उत्पादनासाठी ते प्रसिद्ध होते. ऊर्ध्वपातनाने मोठ्या प्रमाणावर जस्त काढले जात असल्याचे जगातील सर्वांत जुने ज्ञात पुरावे येथे मिळाले आहेत. जुन्या खाणी, भट्ट्यांचे अवशेष, वापरलेल्या मुशींचे प्रचंड ढीग, पडकी घरे आणि मंदिरे हे या गावाचे आज उरलेले अवशेष होत.

स्थान व भूरचना

जावरचा परिसर टीडी नदीच्या खोऱ्यात असून त्याच्या सभोवती मोचिया, बलारिया आणि जावरमाला या टेकड्या आहेत. येथील डोलोमाइट खडकात स्फॅलेराइट (जस्ताचे सल्फाइड) व गॅलेना (शिशाचे सल्फाइड) ही खनिजे आढळतात. गॅलेनातून शिशाबरोबर चांदीही मिळत असे.

इतिहास

जुन्या खाणींत सापडलेल्या लाकडांच्या किरणोत्सर्गी कार्बन कालमापनावरून येथील खाणकाम इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत सुरू असल्याचे दिसते. जस्ताचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन मात्र मध्ययुगातील आहे. मेवाडच्या परंपरेनुसार १४ व्या शतकाच्या अखेरीस राणा लाखा याच्या कारकिर्दीत जावरच्या खाणी नव्याने चालू झाल्या व त्यांतून राज्याला मोठे उत्पन्न मिळू लागले. महाराणा कुंभा याची कन्या रमाबाई हिने येथे रामस्वामी मंदिर व रामकुंड बांधले. तेथील शिलालेख विक्रम संवत १५५४ (इ.स. १४९७) चा आहे.

पुढे मेवाडमधील युद्धे व अस्थिरता यांमुळे उत्पादन घटत गेले. १९ व्या शतकाच्या सुरुवातीस, कर्नल जेम्स टॉड मेवाडमध्ये असताना, खाणींचे वैभव संपलेले होते. टॉडने आपल्या राजस्थानच्या इतिहासात या खाणींच्या पूर्वीच्या उत्पन्नाचा उल्लेख केला असला, तरी तेथील जस्ताला त्याने कथील म्हटले आहे.

जस्त काढण्याची पद्धत

खनिजापासून जस्त वेगळे करणे लोखंड किंवा तांबे काढण्यापेक्षा अवघड असते. जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, तर त्याच्या ऑक्साइडचे कोळशाने क्षपण होण्यास याहून अधिक तापमान लागते. त्यामुळे भट्टीत जस्त द्रवरूपाने न मिळता वाफेच्या रूपाने बाहेर पडते आणि हवेशी संपर्क येताच त्याचे पुन्हा ऑक्साइड होते. यामुळे अनेक प्राचीन संस्कृतींत जस्ताचे खनिज तांब्याबरोबर तापवून पितळ तयार केले जात असे, परंतु शुद्ध जस्त फारसे हाती येत नसे.

जावरच्या कारागिरांनी ही अडचण बंद मुशी वापरून दूर केली. भाजलेले खनिज, कोळसा व मीठ यांच्या मिश्रणाच्या लहान गोळ्या करून त्या वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत भरत. मुशीच्या तोंडाला मातीची लांब नळी जोडीत. मूस उलटी ठेवल्यावर गोळ्या खाली पडू नयेत म्हणून तोंडात एक काडी बसवीत. ही काडी जळून गेल्यावर वाफेला वाट मिळे. एका भट्टीत ३६ मुशी ६ × ६ अशा रांगांत, छिद्रे असलेल्या मातीच्या फरशीवर उलट्या उभ्या केल्या जात. वरच्या कक्षात आग असे, तर नळ्या खालच्या थंड कक्षात उतरत. वाफ तेथे निवून जस्ताचे थेंब खालील भांड्यांत जमा होत. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत रसशास्त्रीय ग्रंथात वर्णिलेली वृन्ताक मूषा, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस, जावरच्या मुशींशी जुळते.

अवशेष

मुशींचे ढीग: एकदा वापरलेली मूस पुन्हा उपयोगात येत नसल्याने ती फेकून दिली जाई. अशा मुशींचे ढीग नदीच्या खोऱ्यात दूरवर पसरले असून ते अनेक लाख टन भरतील, असा संशोधकांचा अंदाज आहे.

घरे: पडक्या घरांच्या काही भिंती दगडांऐवजी वापरलेल्या मुशी रचून बांधलेल्या आहेत. कारखान्याचा टाकाऊ माल हेच येथील वस्तीचे बांधकाम साहित्य होते.

खाणी: टेकड्यांत उघड्या खाचा व खोल भुयारे आहेत. खडकाला आग लावून तो तापवून फोडण्याची पद्धत वापरली गेल्याच्या खुणा भुयारांच्या भिंतींवर दिसतात. आतून लाकडी शिड्या व आधारांचे तुकडेही मिळाले आहेत.

मंदिरे: जावरमाता मंदिर, रामस्वामी मंदिर व अनेक जैन मंदिरे येथे आहेत. खाणीच्या उत्पन्नावर एक समृद्ध वस्ती उभी राहिली होती, याची ती साक्ष देतात.

संशोधन

१९८० च्या दशकात ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी संयुक्त संशोधन केले. पॉल क्रॅडॉक व के. टी. एम. हेगडे हे त्यातील प्रमुख संशोधक होते. १९८३ मधील उत्खननात एका ओळीत बांधलेल्या सात भट्ट्या सापडल्या, काहींत मुशी जागेवरच होत्या. त्यामुळे या प्रक्रियेचे टप्पे प्रत्यक्ष पुराव्यावरून समजू शकले. १९८८ मध्ये अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने जावरला ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता दिली.

महत्त्व

युरोपात जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचे पेटंट ब्रिस्टल येथील विल्यम चॅम्पियन यास १७३८ मध्ये मिळाले. जावरमधील उत्पादन त्याच्या कित्येक शतके आधीचे आहे. चॅम्पियनच्या पद्धतीतही वाफ खाली उतरवून निववली जात असल्याने तिचे मूळ भारतात असावे, असे काही अभ्यासक मानतात. मात्र याचा थेट पुरावा मिळालेला नाही. या भट्ट्यांवर राबणाऱ्या कारागिरांविषयीची माहिती मुख्यतः या ढिगांतून, भट्ट्यांतून व भिंतींतूनच मिळते.

सद्यस्थिती

२० व्या शतकात जावर येथे आधुनिक खाणकाम सुरू झाले आणि आजही ते चालू आहे. जुन्या व नव्या खाणी एकाच टेकड्यांत आहेत. त्यामुळे चालू खाणी आणि त्यांच्यालगतचा हा पुरातत्त्वीय वारसा यांचा मेळ घालणे, हा जावरच्या जतनातील प्रमुख प्रश्न आहे. मुशींचे ढीग दिसायला भंगारासारखे असले, तरी ते हलवले किंवा पसरवले गेल्यास त्यांच्या थरांतून मिळणारी कालक्रमाची माहिती कायमची नष्ट होते.