रुंद भिंग आणि जव्हारचा मुलूख

मुंबईहून जव्हार फार लांब नाही. अंतर शंभर मैलांच्या आतबाहेरचे. त्या मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉक्टर नारायण दाजींसारखे आपले लोकही तिच्यात होते. म्हणजे कॅमेरा आमच्या दाराशी तसा लवकरच येऊन ठेपला होता. परंतु डोंगरातला माणूस त्याच्या घरादारासकट कागदावर उमटणे ही गोष्ट सोपी नव्हती. अडचण थोडी भिंगाची होती आणि थोडी भिंगामागच्या नजरेची.

विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबाने मुंबईतल्या जातीजमातींचा एक सचित्र ग्रंथ केला. त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली निघाले. त्यातली मौज अशी, की माणसांचे फोटो एकीकडे घेतलेले, पाठीमागचा देखावा दुसरीकडचा, आणि दोन्ही जोडून एक चित्र केलेले! पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारच्या आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड बाहेर पडले. त्यांतही माणूस म्हणजे एका जमातीचा नमुना. तो राहतो कुठे, पाणी कुठून आणतो, याची चौकशी चित्राला नव्हती.

साहेबाला सगळाच दोष देऊन चालणार नाही. १८४० साली पेट्झवाल या गणितज्ञाने माणसांच्या फोटोसाठी उत्तम भिंग रचले. पण त्यात मधला चेहरा तेवढा लख्ख, कडेचे सारे धूसर. कडाही नीट दिसाव्यात म्हणून पुढे नाना खटपटी झाल्या. सटन नावाच्या इंग्रजाने १८५९ साली पोटात पाणी भरलेले गोलाकार भिंग केले. १९०० साली जर्मनीतल्या गोर्झ कारखान्याचे ‘हायपरगॉन’ आले. त्याचा पल्ला एवढा रुंद, की मध्ये उजेड फार आणि कडेला अंधार व्हावा. म्हणून त्याच्यापुढे एक इवलीशी दातेरी चक्री बसवलेली असे. रबरी फुगा दाबला की ती भिरभिरे आणि मधला उजेड थोडा अडवून धरी. जत्रेतल्या भिरभिऱ्याचीच आठवण व्हावी!

पुढे आरसा असलेले कॅमेरे आले आणि नवीच अडचण उभी राहिली. रुंद भिंग फिल्मच्या अगदी जवळ बसावे लागते. तिथे तर आरशाची उघडझाप चाललेली. ही गाठ १९५० साली फ्रान्समध्ये पिएर आँजेन्यू यांनी सोडवली. दुर्बीण उलटी धरावी तशी भिंगांची मांडणी करून त्यांनी मागे आरशापुरती जागा मोकळी केली. माझ्याजवळचे २८ मिलिमीटरचे भिंग याच कुळातले. वीस वर्षांपूर्वी मुंबईच्या बोरा बाजारात ते जुने म्हणून घेतले. मुलांच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात ते घेऊन मी जव्हार-मोखाड्याचे पाडे हिंडलो आहे. दुसरी भिंगे आली आणि गेली. हे मात्र कॅमेऱ्यावरून सहसा उतरले नाही.

त्याचे कारण इथली घरे. वारल्याच्या घराला कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंती. आत उजेड बेताचा. लग्नघरी त्याच भिंतीवर सुवासिनी भाताच्या पिठाने देवीचा चौक लिहितात. तो टिपायला मागे सरकावे तर पाठीला दुसरी भिंत लागते. नेहमीचे ५० मिलिमीटरचे भिंग दहा फुटांवरून सात फूट भिंत दाखवते. माझे भिंग जवळजवळ तेरा फूट. त्या जास्तीच्या सहा फुटांत कणगी येते, चूल येते, दारात उभे राहिलेले नातवंड येते. चित्र मग नुसते चित्र राहत नाही, ते कोणाच्या तरी घरातले चित्र होते.

तारप्याच्या नाचाचेही तेच. बाहेर उभे राहिले तर नाचणाऱ्यांच्या पाठी पदरात पडतात. रुंद भिंग असले की मध्ये, तारपेवाल्याशेजारी उभे राहता येते आणि फेर आपल्याभोवती फिरू लागतो. आठच्या छिद्रावर, अकरा फुटांवर नेम धरून ठेवला की साडेपाच फुटांपासून पार डोंगरापर्यंत सारे स्पष्ट उतरते.

या भिंगाची एक अट आहे. ते दूर उभे राहून चालवता येत नाही. माणूस ठसठशीत हवा तर चार-पाच फुटांवर जावे लागते आणि तेवढ्या अंतरावर बोलल्याशिवाय उभे राहणे बरे दिसत नाही. म्हणून आधी ओटीवर बसावे, पावसाची, नागलीची, वरईची चौकशी करावी. कॅमेरा मागाहून. त्याच्या खोडीही आहेत. चौकटीच्या कडेला कोणाला उभे करू नये, चेहरा ताणला जातो. कॅमेरा वर रोखला तर घराचे खांब एकमेकांकडे झुकतात.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली आणि हा मुलूख वर्तमानपत्रांत गाजला. तेव्हापासून लोकांच्या मनात जव्हारचे चित्र म्हणजे एक हाडकुळे मूल. ते खोटे नव्हते. परंतु चौकट अरुंद होती. मुलामागचा उतार, त्यावरचे मूठभर भात, उन्हाळ्यात तळ गाठलेली विहीर, हे बाहेर राहिले. याच डोंगरांतून वाहणाऱ्या वैतरणेवर १९५७ साली मोडकसागर झाले आणि पाणी मुंबईला गेले. मोखाड्याच्या पाड्यांवर मात्र चैत्र-वैशाखात बाया टँकरची वाट पाहतात. नुसता चेहरा पाहिला तर दया येते. आजूबाजूचे दिसले तर प्रश्न पडतो.

भाताची झोडणी उरकली की आजही पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात आणि पोरेही बरोबर जातात. दिवाळीच्या सुटीनंतर मी दरवर्षी वर्गाचा एक फोटो घेतो. हजर मुले एका चौकटीत दाटीवाटीने बसवली तर वर्ग भरलेला दिसतो. या भिंगात सबंध खोली येते, मोकळ्या जागाही येतात. अशी वीस वर्षांची चित्रे माझ्यापाशी आहेत. कोणत्या साली किती जागा मोकळ्या, हे त्यांत बोट ठेवून मोजता येते.

आता रुंद भिंगाचे अप्रूप उरले नाही. तुमच्या खिशातल्या मोबाइलचे मुख्य भिंग बहुधा याच जातीचे असते. तेव्हा यंदा भाऊबिजेचा फोटो घ्याल तेव्हा चेहऱ्यांवरच थांबू नका. एक पाऊल पुढे या आणि स्वयंपाकघराचे दार चौकटीत येऊ द्या. करंज्या तळणारी माउली बहुतेक वेळा तिथेच, चित्राबाहेर राहिलेली असते.