सूर्याचा आवाज किती वेळ टिकतो?

फेब्रुवारी १९४२. ब्रिटनची लष्करी रडार यंत्रे अचानक गोंगाटाने भरून गेली. काही दिवसांपूर्वीच जर्मनांनी रडार बधिर करून आपल्या युद्धनौका इंग्लिश खाडीतून नेल्या होत्या. त्यामुळे संशय साहजिकच शत्रूवर गेला. जेम्स हे या शास्त्रज्ञाने मात्र आधी नोंदी तपासल्या. गोंगाट सूर्याच्या दिशेने येत होता आणि सूर्यावर त्या वेळी मोठा डाग होता, हे ग्रीनिच वेधशाळेकडून कळले. आरोपाआधी तहकीक कशी करावी, याचा हा धडा युद्धाच्या गुप्ततेमुळे जगाला १९४६ साली कळला.

पुढे ऑस्ट्रेलियात वाइल्ड आणि मॅकक्रेडी यांनी १९५० मध्ये या स्फोटांचे प्रकार पाडले. त्यांत ‘प्रकार तीन’चा स्फोट काही सेकंदांचाच असतो. प्रकाशाच्या साधारण एक तृतीयांश वेगाने इलेक्ट्रॉनांचा झोत सूर्यापासून बाहेर पडतो. वर वातावरण विरळ होत जाते, तशी आवाजाची कंप्रता उतरते. ‘प्रकार दोन’मागे आघातलहर असते. ती बरीच संथ असते, म्हणून तो आवाज काही मिनिटे चालतो.

आमच्या गोंदियाची विदर्भ एक्सप्रेस ज्या कल्याणवरून मुंबईला जाते, तिथेही हा इतिहास घडला आहे. सिडनीजवळ सूर्य पाहणाऱ्या ३२ लहान तबकड्या ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्या होत्या. गोविंद स्वरूप १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९६५ मध्ये त्यांनी त्या कल्याणजवळ उभ्या केल्या. त्याआधी अमेरिकेत त्यांनी व मॅक्सवेल यांनी उलट्या ‘यू’सारखा स्फोट ओळखला होता. त्यात झोत चुंबकीय कमानीवरून चढून परत खाली येतो.

मग आवाज किती टिकेल हे ठरते कशावर? सुरुवातीला उत्तर सोपे वाटले: कणांच्या टकरीत कंपने विरतात, म्हणून विरण्याच्या वेळेवरून तापमान काढता येईल. उपग्रहांनी कमी कंप्रतेचे आवाज मोजले, तेव्हा हा हिशोब जुळेना.

आजचे उत्तर दोन गोष्टींवर उभे आहे. पहिली, झोताची लांबी. मिरवणुकीत चपळ लोक पुढे जातात, संथ मागे राहतात. जितके दूर जावे तितकी मिरवणूक लांबते आणि नाक्यावरून जायला जास्त वेळ लागतो. दुसरी, विखुरणे. अजानचा आवाज भिंतींवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतो, तेव्हा शेवटचा स्वर रेंगाळतो. सूर्याभोवतीच्या खळबळत्या वायूत रेडिओ लहरींचेही तसेच होते. म्हणूनच सूर्याजवळ सेकंदांचा असलेला स्फोट दूर, कमी कंप्रतेवर, कित्येक मिनिटे ऐकू येतो.

म्हणजे आपण मोजतो तो कालावधी एकट्या सूर्याचा नाही, वाटेचाही आहे. कानावर आलेल्या कोणत्याही बातमीत बोलणारा किती आणि वाट किती, हे वेगळे करायला शास्त्रज्ञांनाही अनेक दशके लागली. आपण निदान एक दिवस तरी थांबावे.