इलेक्ट्रेट ध्वनिग्राहक

इलेक्ट्रेट ध्वनिग्राहक : ज्याच्या पटलावर अथवा मागील पट्टिकेवर दीर्घकाळ टिकणारा विद्युत् भार असतो, असा धारित्र प्रकारचा मायक्रोफोन. चुंबक चुंबकत्व राखतो, त्याप्रमाणे इलेक्ट्रेट हा विद्युत् अपारक पदार्थ विद्युत् भार राखतो. तरीही या ध्वनिग्राहकास बाहेरून वीज पुरवावी लागते. तिचे कारण त्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

इतिहास : मुंबईत १८८२ मध्ये दूरध्वनी केंद्र सुरू झाले. दूरध्वनीत पुढे दीर्घकाळ वापरात राहिलेला कार्बन ध्वनिग्राहक विद्युत् घटाच्या प्रवाहावर चाले. ध्वनीच्या दाबाने कार्बन कणांचा रोध बदले व त्यानुसार प्रवाह बदले. एडवर्ड वेंट यांनी १९१६ मध्ये धारित्र ध्वनिग्राहक तयार केला. त्याचा आवाज अधिक शुद्ध असे. मात्र पट्टिका भारित ठेवण्यास उच्च विद्युत् दाब लागे. ही अडचण कायम भारित पदार्थाने दूर होणार होती. ‘इलेक्ट्रेट’ ही संज्ञा ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८५ मध्येच सुचविली होती. जपानमध्ये मोटोटारो एगुची यांनी १९१९ च्या सुमारास मेण व राळ यांचे वितळलेले मिश्रण प्रबळ विद्युत् क्षेत्रात थिजवून असा पदार्थ प्रत्यक्ष बनविला. परंतु मेणाच्या इलेक्ट्रेटांचा भार दमट हवेत टिकत नसे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ट सेसलर व जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये धातुलेपित पातळ प्लॅस्टिकचे पटल वापरले. पुढे टेफ्लॉनमुळे भार अनेक वर्षे टिकू लागला.

वीजपुरवठा व जोडणी : पटलापासून मिळणारा संकेत इतका दुर्बल असतो की, तो लांब तारेतून नेता येत नाही. म्हणून ध्वनिग्राहकाच्या डबीतच क्षेत्र परिणाम ट्रँझिस्टर बसवितात. बाहेरची वीज पटलासाठी नसून या ट्रँझिस्टरसाठी असते. सामान्यतः ती २ ते ५ व्होल्ट दाबाची असून सुमारे २ किलोओहमच्या रोधकातून देतात. त्याच तारेवरून ध्वनिसंकेत परत येतो व धारित्र एकदिश दाब अडवून केवळ संकेत पुढे जाऊ देतो.

संगणकाच्या ध्वनिपत्रावरील (साउंड कार्डावरील) स्वतंत्र ध्वनिग्राहक खाचेत ३·५ मिमी. व्यासाची खुंटी बसते. तिच्या टोकावर संकेत, मधल्या कड्यावर वीज व बुडाशी भूसंपर्कन अशी सर्वसाधारण योजना असते. दोन तारांच्या डबीसाठी टोक व कडे एकत्र जोडतात. डबीच्या धातूच्या कवचाशी जोडलेले टोक भूसंपर्कनास जोडावे. उलट जोडणी केल्यास ट्रँझिस्टर नीट कार्य करीत नाही. ध्वनिमुद्रणगृहातील ४८ व्होल्टांचा पुरवठा अशा डबीस थेट देऊ नये.