मूल तोंड उघडं ठेवून झोपतं? दातांना तार लावण्याआधी नाक तपासून घ्या

भेस्तान (सुरत) : उधना आणि सचिन या स्टेशनांच्या मधल्या भेस्तानमध्ये खान्देशातून आलेली बरीच मराठी कुटुंबं राहतात. वडील रात्रपाळीला, आई दिवसभराच्या कामानं दमलेली. पोरगं घोरतंय म्हणजे गाढ झोपलंय, असंच घरच्यांना वाटतं. पण रोजचं घोरणं हे गाढ झोपेचं लक्षण नाही. नाकाची वाट अडली असण्याची ती खूण असू शकते.

नाक का अडतं?
नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या बाजूला अ‍ॅडेनॉइड नावाची गाठ असते. लहानपणी ती वाढते आणि वय वाढलं की आपोआप आक्रसते. ती फार मोठी झाली, टॉन्सिल सुजले किंवा अ‍ॅलर्जीची सर्दी हटेना, तर मूल तोंडानं श्वास घेतं. अ‍ॅडेनॉइडमुळे कानात पाणी साचून कमी ऐकू येऊ शकतं. ‘ऐकतच नाही’ म्हणून आपण ज्याला रागावतो, त्याला कधी कधी खरंच ऐकू येत नसतं.

या खुणा बघा
- आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री घोरणं
- झोपेत श्वास थांबणं, मग दचकून हुंदक्यासारखा श्वास घेणं
- उशी लाळेनं ओली होणं, सकाळी तोंड कोरडं पडणं
- सुटलेली सवय असूनही पुन्हा अंथरूण ओलं करणं
- दिवसा चिडचिड, अभ्यासात लक्ष नसणं

दातांशी काय संबंध?
तोंड मिटलेलं असताना जीभ टाळूला टेकते. तोंड सतत उघडं राहिलं की जीभ खाली राहते. वर्षानुवर्षं असंच चाललं तर वरचा जबडा अरुंद आणि टाळू उंच होऊ शकते, पुढचे दात बाहेर येऊ शकतात. अर्थात, प्रत्येक वाकड्या दाताचं कारण हेच असतं असं नाही.

अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सातव्या वर्षापर्यंत पहिली तपासणी करून घ्या, असं सांगते. तपासणी म्हणजे लगेच तार नव्हे. टाळूच्या मधला सांधा लहान वयात पक्का जुळलेला नसतो, म्हणून अरुंद जबडा रुंद करणारं उपकरण तेव्हा चांगलं काम करतं. पण झोपेतला श्वासाचा त्रास पुढे होऊ नये एवढ्यासाठीच ते बसवू नये, असं याच संघटनेच्या २०१९ च्या अहवालात म्हटलं आहे.

ऑपरेशन लागतंच का?
दरवेळी नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत झोपेत श्वास अडणाऱ्या ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड काढलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी नॉर्मल आली. नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकीही ४६ टक्के मुलांची नॉर्मल आली. म्हणून त्रास किती आहे, हे आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ठरवावं. मात्र झोपेत श्वास थांबत असेल तर दाखवायला उशीर करू नका.

दवाखान्यात जाताना
मूल झोपलेलं असताना छाती दिसेल आणि आवाज ऐकू येईल असा एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर काढून न्या. गुजरातीत ‘नसकोरां’ म्हणजे घोरणं आणि ‘नसकोरी फूटवी’ म्हणजे नाकातून रक्त येणं. सांगताना गल्लत करू नका. गावाकडच्या पत्त्यावरचं आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही योजनेतल्या रुग्णालयात चालतं. हा उपचार त्यात बसतो का, ते आधी विचारून घ्या. आणि मुलाच्या तोंडाला रात्री पट्टी चिकटवण्याचा उपाय अजिबात करू नका. नाक बंद असेल तर ते जिवावर बेतू शकतं.