आपल्या दारातलं मोठेपण

जगातला सर्वांत उंच पुतळा गुजरातेत आहे, 182 मीटरचा. गटाची सहल तिथं न्यायचं चाललंय. जाऊ की! पण आधी आपलं धरण नीट बघू.

राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर हे काम 1907 च्या सुमारास हाती घेतलं. 1918 पर्यंत भिंत सुमारे 40 फूट उठली आणि पैशाअभावी काम थांबलं. 1922 मध्ये महाराज गेले. भिंत पुरी झाली ती स्वातंत्र्यानंतर. गावाला नाव लेकीचं, राधाबाईंचं; तलावाला राणीसाहेब लक्ष्मीबाईंचं.

तलावात 8 टीएमसीहून जास्त पाणी मावतं. सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरल्या पातळीला आलं की आपसूक उघडतात, उतरलं की मिटतात. वीज लागत नाही.

पण दरवाजा उघडला की खाली काठावरच्या बायकांना धान्याची पोती, जनावरं, म्हातारी माणसं हलवावी लागतात. 2019 चा महापूर आपण विसरलो नाही. म्हणून यंदा प्रत्येक गटानं खालच्या गावातल्या एका गटाचा फोन नंबर लिहून ठेवायचा. दरवाजा उघडल्याचं कळलं की पहिला फोन तिकडं. महाराजांनी आपण बघणार नाही ते काम सुरू केलं. आपलं तर एका फोनचं आहे.