आगाऊ रक्कम, ग्राहकाची (मुंबई उपनगरे)

माल किंवा सेवा हाती पडण्यापूर्वी ग्राहकाने विक्रेत्याकडे भरलेले पैसे. सराफाच्या मासिक योजनेचे हप्ते, गिफ्ट व्हाउचर, फर्निचरच्या ऑर्डरीचा बयाणा, जिमचे वार्षिक शुल्क हे तिचे परिचित प्रकार. विक्रेता बुडाला तर हे पैसे हमखास परत मिळवून देणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. बँकेतील ठेवीला विमा आहे. १९६० मध्ये पलई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून तो सुरू झाला. दुकानदाराकडे ठेवलेल्या पैशाला असे कवच कधीच नव्हते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः सराफी पेढ्यांतील व्यवहारांचा विचार केला आहे. दादर येथील ‘टोरेस’ प्रकरण (जानेवारी २०२५) घेतलेले नाही, कारण तेथे लोकांनी पैसे दागिन्यासाठी नव्हे, आठवड्याच्या परताव्यासाठी गुंतवले होते.

सराफी मासिक योजना : मुलुंडचा पाच रस्ता, घाटकोपरचा एम. जी. रोड, बोरिवलीचा एस. व्ही. रोड या भागांतील सराफी दुकानांतून चालणारा हा व्यवहार घरोघरी ‘सोन्याची भिशी’ म्हणून ओळखला जातो. भिशीशी त्याचे साम्य हप्त्यापुरतेच आहे. भिशीत पैसे सभासदांमध्ये फिरतात, येथे सगळे पैसे एकाच गल्ल्यात जातात. ग्राहक दरमहा ठरावीक रक्कम भरतो आणि मुदतीअखेर त्या रकमेचा दागिना उचलतो. बदल्यात घडणावळीत सूट मिळते किंवा शेवटचा हप्ता दुकानदार भरतो. सराफाला बिनव्याजी खेळते भांडवल मिळते आणि लग्नसराईचे गिऱ्हाईक आधीच बांधले जाते.

ग्राहकाच्या हाती असते ते एक दुमडते पुठ्ठ्याचे कार्ड. आत हप्त्यांच्या ओळी : तारीख, पावती क्रमांक, रक्कम, त्या दिवसाचा दर, जमा वजन, सही. मागे बारीक टायपात अटी : रोख परतावा मिळणार नाही, नाणी व वेढणी यांवर सवलत नाही, हप्ता चुकल्यास लाभ रद्द. या कार्डातील सर्वांत महत्त्वाचा रकाना दराचा. तो दर महिन्याला भरलेला असेल तर ग्राहकाच्या खात्यावर ग्रॅम साठतात. कोरा असेल तर नुसते रुपये. दरमहा ५,००० रुपयांप्रमाणे ११ हप्ते भरणाऱ्याचे दुसऱ्या प्रकारात ५५,००० रुपये जमा होतात, मग सोने कितीही चढो. पहिल्या प्रकारात भाववाढीचा बोजा सराफावर पडतो. हप्ता आला त्याच दिवशी त्याने तेवढे सोने घेऊन ठेवले तर प्रश्न नाही. पण हप्त्याचे पैसे जागेच्या भाड्यात, जाहिरातीत किंवा नव्या शाखेत गेले असतील तर भाव चढताच तो ग्राहकांचा ग्रॅमांनी देणेकरी होतो आणि तिजोरीत ते ग्रॅम नसतात. योजनेचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याची किंवा तितके सोने राखून ठेवण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने केलेली नाही. या एका उणिवेपुढे बाकीचे तपशील गौण म्हणावे लागतील.

अकरा महिन्यांची मर्यादा : कंपनी कायदा २०१३ खाली केलेले ठेवी स्वीकारण्याबाबतचे नियम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत त्या मालापोटी वळती झाली तर ती ‘ठेव’ मानली जात नाही, असे हे नियम सांगतात. त्याहून लांब मुदतीच्या योजना अडचणीत आल्या. टायटन कंपनीने तनिष्कची ‘गोल्डन हार्वेस्ट’ योजना २०१४ मध्ये गुंडाळली आणि पुढे कमी मुदतीने नव्याने आणली. इतरांनीही मुदत अकरा महिन्यांवर किंवा त्याखाली आणली. ग्राहकांचा समज असा की, अकरा महिन्यांची योजना म्हणजे ‘सरकारमान्य’ योजना. वस्तुतः मुदत आखडल्याने ती ठेवींच्या नियमांतून सुटते एवढेच. देखरेखीखाली येत नाही. शिवाय हे नियम कंपन्यांना लागू आहेत. उपनगरांतील पुष्कळ पेढ्या भागीदारीत किंवा एका मालकाच्या नावाने चालतात.

२०१९ : मुंबईच्या ठेवीदाराला हे वर्ष दोन बाजूंनी जड गेले. २३ सप्टेंबर रोजी रिझर्व्ह बँकेने भांडुप येथे मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि खातेदारांना प्रथम अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. महिना उलटतो न उलटतो तोच, धनत्रयोदशीच्या (२५ ऑक्टोबर) आधीच्या आठवड्यात, मुलुंडपलीकडे ठाणे जिल्ह्यात गुडविन ज्वेलर्सच्या दुकानांना टाळी लागलेली दिसली. योजनेची कार्डे आणि मुदत ठेवींच्या पावत्या घेऊन लोक डोंबिवलीच्या रामनगर पोलीस ठाण्यात जमले. मासिक योजनेबरोबरच ही पेढी मोठ्या व्याजाने मुदत ठेवीही घेत होती. गुन्हा नोंदला गेला, तपास ठाणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला आणि डिसेंबरमध्ये पेढीच्या चालकांना अटक झाली. त्याच सुमारास घाटकोपरच्या रसिकलाल सांकळचंद ज्वेलर्सविरुद्धही मासिक योजनांच्या तक्रारी पोलिसांकडे गेल्या.

पेढ्या का अडचणीत आल्या, याविषयी एकमत नाही. त्या वर्षी सोन्याचा भाव झपाट्याने चढला होता आणि ५ जुलैच्या अर्थसंकल्पात सोन्यावरील आयातशुल्क १० टक्क्यांवरून १२.५ टक्के झाले होते, एवढे निश्चित. दसरा-दिवाळीलाच मोठ्या संख्येने ग्राहक दागिना उचलायला येतात. पैसे अन्यत्र गुंतलेल्या पेढीला याच दिवसांत रोकड कमी पडते.

बँकेच्या खातेदारांचे पुढे काही ना काही झाले : ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपयांवर गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. सराफाच्या ग्राहकांपुढे उरला तो फौजदारी कायद्याचा रस्ता.

एमपीआयडी कायदा : महाराष्ट्र ठेवीदारांच्या (वित्तीय संस्थांमधील) हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९. पोलीस, वकील आणि आता ठेवीदारही त्याला ‘एमपीआयडी’ याच नावाने ओळखतात. कलम ३ अन्वये कपटाने परतफेड चुकवणाऱ्यास सहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ४ खाली शासन मालमत्ता जप्त करते, सक्षम प्राधिकारी ती ताब्यात घेतो आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने विकून पैसे वाटले जातात. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००५ मध्ये हा कायदा घटनाबाह्य ठरवला होता. तमिळनाडूचा तसाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये उचलून धरला आणि २०१२ मध्ये महाराष्ट्राचाही वैध ठरला.

या कायद्यातील ‘ठेवी’ची व्याख्या सराफी योजनांच्या दृष्टीने फार उपयोगाची आहे. परतफेड रोखीत, वस्तुरूपाने किंवा सेवेच्या रूपाने व्हायची असली तरी ती ठेवच. म्हणजे ‘आम्ही पैसे नव्हे, दागिना देणार होतो’ हा बचाव लंगडा पडतो. मात्र त्याच व्याख्येत एक अपवाद आहे : धंद्याच्या नेहमीच्या ओघात मालाच्या ऑर्डरीपोटी घेतलेली आगाऊ रक्कम ठेव नव्हे. बांगड्यांची जोडी निवडून, वजन ठरवून दिलेला बयाणा या अपवादात बसतो. काय घ्यायचे ते न ठरवता अकरा महिने भरलेले हप्ते बसतात का? प्रस्तुत नोंदकाराच्या मते बसत नाहीत, कारण तेथे ऑर्डरच नसते. पण प्रत्येक प्रकरणी कार्डावरील मजकूर आणि जाहिरात पाहावी लागते.

व्याख्या किती व्यापक घ्यायची, याचा निकाल सोनारांच्या नव्हे, अंधेरीतील नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या प्रकरणात लागला. ३१ जुलै २०१३ रोजी तेथील व्यवहार थांबले आणि सुमारे १३,००० गुंतवणूकदारांचे साधारण ५,६०० कोटी रुपये अडकले. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एमपीआयडीखालील जप्ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ रोजी तो निकाल फिरवला. पैसा किंवा माल स्वीकारून तो कोणत्याही रूपाने परत करण्याचे बंधन आले की ती ठेव, असा त्या निकालाचा रोख आहे. बुडालेल्या पेढ्यांच्या ग्राहकांचे वकील आता त्याचा आधार घेतात.

केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा (२१ फेब्रुवारी २०१९ पासून अंमल) भागीदारी व एकल मालकीलाही लागू होतो. धंद्याशी खरा संबंध असलेली आगाऊ रक्कम तोही वगळतो. ठेवीदारांचे देणे इतर देण्यांच्या आधी फेडावे असे त्यात म्हटले आहे, पण बँकांच्या तारणवसुलीचा सरफेसी कायदा आणि नादारी व दिवाळखोरी संहिता यांना मुभा ठेवून. बड्या पेढ्यांचे दागिने व जागा बहुधा बँकेकडे तारण असतात, तेव्हा हा अग्रक्रम कितपत कामी येईल हे ताळेबंद पाहूनच सांगता येते.

गिफ्ट व्हाउचर : केवळ स्वतःच्याच दुकानांत चालणारे व्हाउचर किंवा कार्ड रिझर्व्ह बँकेच्या वर्गीकरणात ‘क्लोज्ड सिस्टीम’ ठरते. त्यासाठी बँकेची परवानगी लागत नाही, म्हणून त्यावर तिची देखरेखही नाही. अनेक दुकानांत चालणाऱ्या गिफ्ट कार्डाची गोष्ट वेगळी. २७ ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांनुसार त्याची कमाल रक्कम १०,००० रुपये व किमान मुदत एक वर्ष असते आणि बँकेतर संस्थेला ग्राहकांचे पैसे एस्क्रो खात्यात वेगळे ठेवावे लागतात. काउंटरवर दोन्ही कार्डे सारखीच दिसतात. लग्नात आहेर म्हणून एखाद्याच दुकानाचे व्हाउचर देण्याची पद्धत आहे. त्या आहेरामागे सुरक्षा सर्वांत कमी. न वापरलेल्या व्हाउचरवर जीएसटी नाही, हे ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. दुकान बुडाल्यावर त्या व्हाउचरचे काय, यावर तसे काहीच नाही.

या प्रकारातील मोठे उदाहरण जोगेश्वरीत मुख्यालय असलेल्या फ्युचर रिटेलचे. तिच्या बिग बझारमध्ये गिफ्ट व्हाउचरबरोबर ‘प्रॉफिट क्लब’ होता : १०,००० रुपये एकदम भरा आणि बारा महिने दरमहा १,००० रुपयांची खरेदी करा. फेब्रुवारी २०२२ मध्ये भाडेथकित जागांचा ताबा रिलायन्सने घ्यायला सुरुवात केली, २० जुलै २०२२ रोजी बँक ऑफ इंडियाच्या अर्जावर राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली आणि जुलै २०२४ मध्ये कंपनी अवसायनात निघाली.

दिवाळखोरीतील क्रम : नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६, कलम ५३. प्रथम प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची २४ महिन्यांची देणी व तारणधारी बँका, मग इतर कर्मचाऱ्यांचा पगार, विनातारण कर्जदाते, सरकारी देणी, त्यानंतर सहाव्या पायरीवर ‘उर्वरित देणी’. व्हाउचरधारक आणि हप्ते भरणारे ग्राहक येथे येतात. घर घेणाऱ्यांना २०१८ च्या दुरुस्तीने वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला. दुकानाच्या ग्राहकाला नाही. मालासाठी आगाऊ पैसे देणारी कंपनीही ‘परिचालन धनको’ ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये म्हटले. पण अशा धनकोला स्वतः प्रक्रिया सुरू करायची तर थकबाकी किमान १ कोटी रुपये लागते. एकल मालकाच्या दुकानाला ही प्रक्रिया लागू नाही. मुंबईत त्याच्यासाठी अजून १९०९ चा इलाखा शहरे नादारी कायदा आहे.

ग्राहक आयोग : मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्व येथे आहे. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तेथेच तक्रार करता येते. दुकान चालू असताना हा मार्ग चांगला. कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली की नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ च्या स्थगितीमुळे तक्रार जागच्या जागी थांबते आणि ग्राहकाला ती प्रक्रिया चालवणाऱ्या निराकरण व्यावसायिकाकडे विहित मुदतीत दावा दाखल करावा लागतो. विलेपार्ले येथील मुंबई ग्राहक पंचायत (स्थापना १९७५, बिंदुमाधव जोशी) अशा तक्रारींत मार्गदर्शन करते.

परदेशांत : ब्रिटनमध्ये ‘फेअरपॅक’ ही नाताळबचत योजना १३ ऑक्टोबर २००६ रोजी बुडाली; तेथील विधी आयोगाने २०१६ मध्ये या विषयावर अहवाल दिला.

जिम, शिकवण्या, विमानतिकिटे : तत्त्व तेच. अंधेरीत कार्यालय असलेल्या जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, तेव्हा तिकिटे काढून बसलेले प्रवासीही धनकोंच्या रांगेत गेले.